टॉर्चची क्लिप आणि खिशाची शिवण

एका १८६५० मापाच्या सेलवर चालणारी, मुठीत मावणारी टॉर्च आज हजार ल्युमेन प्रकाश सहज देते. एलईडी आणि लिथियम-आयन सेल या दोन गोष्टींवर जगभर अफाट काम झालं, म्हणून हे शक्य झालं. ती टॉर्च खिशाच्या काठाला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीकडे मात्र फार थोड्यांनी लक्ष दिलं. उत्तम प्रकाश देणाऱ्या कित्येक टॉर्चची क्लिप थोड्याच दिवसांत फाकते, खिशाची शिवण खाते, नाहीतर माणूस खाली वाकला की टॉर्च सोडून देते. अंधारात, दोन्ही हात गुंतलेले असताना हे घडतं, तेव्हा ल्युमेनचा आकडा काही कामाचा राहत नाही.

खिशाला वस्तू अडकवण्याचा प्रश्न फाउंटन पेनवाल्यांपुढे शंभर वर्षांपूर्वीच आला होता. वॉटरमन कंपनीच्या १९०५ साली पेटंट झालेल्या क्लिपा टोपणाला रिव्हेटने जोडलेल्या असत. टोपण एबोनाइटचं, म्हणजे ठिसूळ. त्याला भोकं पाडायची म्हणजे तिथून ते कमजोर होणार. पार्करने १९१६ साली पेटंट झालेल्या आपल्या क्लिपमध्ये वेगळी वाट काढली. क्लिपच्या वरच्या टोकाला वॉशरसारखी गोल कडी ठेवली, ती टोपणाच्या माथ्यावर बसवली आणि वरून आट्यांची टोपी पिळली. भोक नाही, रिव्हेट नाही. क्लिप मोडली तर टोपी फिरवून नवी बसवता येते. ही युक्ती मला आजही टॉर्चसाठी सर्वांत योग्य वाटते, आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

चाकूच्या धंद्यात खिशाची क्लिप रुजवली ती अमेरिकेतल्या स्पायडर्कोने, १९८१ च्या ‘वर्कर’ या घडीच्या चाकूपासून. टॉर्चला हे शहाणपण उशिरा आलं. १९८४ मध्ये बाजारात आलेली दोन डबल-ए सेलची मिनी मॅगलाइट जगभर खपली, पण ती बेल्टच्या म्यानात किंवा दोरीला लावून वापरायची वस्तू होती. खिशाची क्लिप हा तिचा मूळ भाग नव्हता. पुढे टॉर्च खिशात गेली आणि क्लिप तिला वरून चिकटवावी तशी आली. आजच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे.

क्लिप ही आधी स्प्रिंग आहे. एका टोकाला घट्ट धरलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी पट्टी. अभियांत्रिकीच्या वर्गात जिला कॅन्टिलिव्हर म्हणतात ती हीच. तिचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. जाडी दुप्पट केली तर पट्टी आठपट ताठ होते, लांबी दुप्पट केली तर ताठपणा एक अष्टमांश उरतो. त्यामुळे ‘मजबूत हवी ना, मग पत्रा जाड घ्या’ हा सहज सुचणारा उपाय इथे चुकतो. तेवढंच उघडायचं असेल तर जाड पट्टीच्या मुळाशी येणारा ताण पातळ पट्टीपेक्षा जास्त असतो. जाड क्लिप उघडायला त्रास देते, आणि उघडलीच तर लवकर फाकते.

आकडे घेऊन पाहू. शंभर ग्रॅमची टॉर्च उलटी लोंबकळली तरी सुटू नये, एवढी पकड हवी. कापड आणि धातू यांच्यातला घर्षणांक पाव धरला आणि कापड क्लिपकडून व टॉर्चकडून असं दोन्ही बाजूंनी दाबलं जातं हे लक्षात घेतलं, तर नुसतं वजन पेलायला सुमारे २०० ग्रॅमचा दाब पुरतो. धावताना, जिना उतरताना बसणारे हिसके चौपट धरले तर ८०० ग्रॅमच्या आसपास. आता अडचण अशी, की खिसे एका जाडीचे नसतात. सुती शर्टाच्या खिशाची दुमड अर्ध्या मिलिमीटरची, तर जीन्सच्या खिशाचा काठ शिवणीसकट अडीच मिलिमीटरपर्यंत. क्लिप एकच आहे आणि तिने दोन्हीकडे सारखं वागायला हवं.

४० मिलिमीटर लांब, ६ मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड स्टीलची क्लिप घ्या. ती प्रत्येक मिलिमीटर उघडायला साधारण ४६० ग्रॅम जोर लागतो. तिचं टोक टॉर्चला नुसतं टेकलेलं असेल, तर शर्टावर तिचा दाब जेमतेम २३० ग्रॅम पडतो. टॉर्च पडणारच. म्हणून क्लिप अशी वाकवावी लागते की टॉर्चवर बसवल्यावर ती आधीच थोडी ताणलेली राहील. हा आधीचा ताण १ मिलिमीटरचा ठेवला तर शर्टावर सुमारे ६९० ग्रॅम आणि जीन्सवर १६०० ग्रॅम दाब मिळतो. शर्टाचं जमलं, पण जीन्सवरून टॉर्च काढताना खिसाच वर ओढला जातो. आता पत्रा ०.८ मिलिमीटरचा घ्या आणि आधीचा ताण अडीच मिलिमीटर ठेवा. शर्टावर ७१०, जीन्सवर ११८० ग्रॅम. दोन्ही कपड्यांवरच्या पकडीतला फरक आता बराच कमी! पट्टी मऊ ठेवायची आणि आधीपासून जास्त ताणून ठेवायची, हे क्लिप सुधारण्याचं खरं सूत्र आहे, आणि त्यासाठी खर्च काही वाढत नाही.

मात्र त्यासाठी धातू योग्य हवा. ३०४ जातीचं नरम केलेलं स्टेनलेस, ज्याची भांडी होतात, ते स्प्रिंगसाठी निरुपयोगी आहे. वर सांगितलेल्या १ मिलिमीटर जाडीच्या मापात ते एक मिलिमीटरच्या जरा पुढे उघडलं की परत मूळ जागी येत नाही. कोल्ड रोलिंगने कडक केलेलं हाफ-हार्ड ३०१ त्याच मापात चार मिलिमीटरपर्यंत साथ देतं. ०.८ च्या पट्टीला जीन्सवर एकूण पाच मिलिमीटर उघडावं लागतं. हाफ-हार्ड तिथे मर्यादेत बसतं, पण काठोकाठ. थ्री-क्वार्टर हार्ड घेतलं तर निर्धास्त राहता येतं. टायटॅनियमचं ग्रेड ५ मिश्रण याहून पुढचं: त्याचा ताठपणा स्टीलच्या साठ टक्क्यांच्या आत, आणि त्याच १ मिलिमीटरच्या मापात आठ मिलिमीटरपर्यंत ते न फाकता उघडतं. महागड्या टॉर्चना टायटॅनियमची क्लिप असते तेव्हा अनेकांना ती हौस वाटते. स्प्रिंग म्हणून ती निवड अगदी रास्त आहे.

कडक पत्रा वाकवताना एक पथ्य पाळावं लागतं. रोलिंगच्या दिशेला समांतर घडी घातली तर बाहेरच्या कडेला तडे जातात, म्हणून पट्टी शीटमधून अशी कापायची की घडी रोलिंगच्या दिशेला आडवी येईल. माल वाचवण्यासाठी पट्ट्या उलट्या दिशेने मांडल्या की क्लिप मुळाशी तुटते. आणि घडीची त्रिज्या मोठी ठेवायची. मुळाशी काटकोनी कोपरा म्हणजे तुटण्याची जागा आखून देणं.

आकाराचा विचार करताना खिशाचा काठ हातात घेऊन पाहावा. दुमड आणि शिवण यांमुळे वरचा एखादा सेंटिमीटर जाड असतो, त्याखाली कापड एकेरी. सरळ पट्टीची क्लिप नेमकी जाड शिवणीवर चिमटा घेते, शिवणीचा दोरा झिजवते, आणि टॉर्च हलली की शिवणीवरून घसरते. चांगल्या क्लिपला वरच्या बाजूला पोट असतं. शिवण त्या पोटात सैल बसते आणि क्लिपचं टोक शिवणीच्या खाली, पातळ कापडावर दाब देतं. मग जाड शिवणच टॉर्चला वर निसटू देत नाही. टोक किंचित बाहेर वळलेलं हवं, नाहीतर ते कापडावर चढत नाही. पण फार वळवलं की ते गाडीच्या पट्ट्यात, बॅगेच्या बंदात अडकतं. क्लिपखालच्या भागात नर्लिंग तर अजिबात नको. पकडीसाठी कोरलेली ती खरबरीत नक्षी कापडावर कानशीसारखी चालते. लेथवर तेवढा पट्टा गुळगुळीत सोडणं ही प्रोग्रॅममधली एका ओळीची दुरुस्ती आहे, तरी ती होत नाही याचं वाईट वाटतं.

क्लिप टॉर्चला कशी जोडायची यात तीन पद्धती चालतात. इंग्रजी सी आकाराची कडी खाचेत दाबून बसवणं सर्वांत स्वस्त. पण ती गोल फिरते, अ‍ॅनोडायझिंग खरवडते आणि जोराच्या हिसक्याने निघून येते. दोन बारीक स्क्रू लावणं दिसायला भक्कम. पण टॉर्चच्या नळीची भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास असते, आणि आत पाणी जाऊ नये म्हणून भोक आरपार पाडता येत नाही. त्यामुळे एम २ च्या स्क्रूला जेमतेम तीनेक आटे पकडायला मिळतात, आणि थ्रेडलॉकर लावला नसेल तर स्क्रू सैल होतात. तिसरी पद्धत पार्करची: पूर्ण कडी, शेपटाच्या टोपीखाली आवळलेली. कडीला आतून एक दात आणि नळीला तशी खाच ठेवली की फिरण्याचाही प्रश्न मिटतो. शिवाय क्लिप अगदी टोकापासून सुरू होते, टॉर्च खिशात पूर्ण खोल बसते आणि वाकताना बाहेर झुकत नाही. यासाठी टॉर्चची नळी आखतानाच क्लिपचा विचार करावा लागतो. तो केला जात नाही म्हणून सी आकाराच्या कड्यांचा सुकाळ आहे.

शुअरफायरच्या ई१बी बॅकअपसारख्या टॉर्चना दुतोंडी क्लिप असते. तीच पट्टी उलट बाजूने कॅपच्या पुढच्या कडेला लावली की डोक्यावरची टॉर्च तयार होते. दुरुस्तीची कामं करणाऱ्यांना ही सोय फार उपयोगी, मात्र दोन्ही बाजूंना तोंड असल्याने ती कशातही अडकते. टॉर्च खिशात काच खाली करून बसणार की वर, हाही क्लिपच्याच आखणीचा भाग आहे. काच खाली असेल आणि बटण चुकून दाबलं गेलं तर शक्तिशाली टॉर्च कापड जाळू शकते. अशा टॉर्चची शेपटाची टोपी खिशात ठेवण्यापूर्वी थोडी सैल करावी. आट्यांवर अ‍ॅनोडायझिंग असेल तर तेवढ्याने वीज तुटते.

हे सगळं आखलं जातं ते बहुधा जीन्स आणि जाड जॅकेट डोळ्यांपुढे ठेवून. आपल्याकडे अजूनही अनेक गावांत शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्री येते. दारं धरायला गेलेल्या शेतकऱ्याच्या अंगात सुती सदरा किंवा बंडी असते, हातात फावडं असतं, पायाखाली साप-विंचवाची भीती असते, आणि तो दर दोन मिनिटांनी वाकतो. टॉर्च त्याच्या खिशातून पाटात पडते. या माणसाच्या खिशासाठी क्लिप कुणी मुद्दाम आखल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

भोसरी, सातपूर, शिरोली इथल्या प्रेस टूलवाल्यांना हे काम अवघड नाही. कडक ३०१ चा ०.८ मिलिमीटर पत्रा, कापायची एक डाय, वाकवायची एक डाय आणि कडांची बर घालवायला टंबलिंगचं पिंप एवढ्यावर ते भागतं. त्यांनी पहिली क्लिप सदऱ्याच्या खिशावर लावून, वाकून, तपासून पाहावी, ही माझी विनंती आहे.