हिवाळ्यांतील खिन्नता : ओळख व उपचार

शेवंतीच्या बहुतेक जाती दिवस लहान होऊं लागल्यावांचून कळ्या धरीत नाहींत, हें बागाईतदारांस ठाऊकच आहे. दिवसमानाचा परिणाम मनुष्याच्या मनावरही होतो. पुण्यास सर्वांत लहान दिवसही सुमारें ११ तासांचा असतो. परंतु नॉर्वेंतील ट्रॉम्सो येथें नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाहीं. उत्तरेकडील अशा देशांत कित्येकांस दर हिवाळ्यांत खिन्नता ग्रासते. अमेरिकेंतील डॉ. नॉर्मन रोझेंथाल व त्यांचे सहकारी यांनीं १९८४ सालीं या विकाराचें सविस्तर वर्णन केलें.

लक्षणें : झोप फार येणें, अंग जड वाटणें, गोड व पिष्टमय पदार्थांची हांव सुटणें, वजन वाढणें, कामांत व माणसांत मन न रमणें. दरवर्षीं हिवाळ्याबरोबर येणें व वसंतांत ओसरणें ही मुख्य खूण होय.

उपचार : सकाळीं उठल्याबरोबर १०,००० लक्स प्रकाशाच्या खास दिव्यासमोर सुमारें अर्धा तास बसावें, दिव्याकडे टक लावून पाहूं नये. नेत्रविकार असल्यास किंवा पूर्वीं उन्मादाचा झटका येऊन गेला असल्यास डॉक्टरांस विचारल्याखेरीज हा उपाय करूं नये. दिवसाउजेडीं बाहेर फिरणें हितकर असतें. मानसोपचार व औषधें यांनींही गुण येतो.

ज्यांचीं मुलें तिकडे शिकत आहेत, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. मुलाचें बोलणें दर हिवाळ्यांत उदास होऊं लागल्यास आळशी म्हणून त्यास रागें भरूं नये, डॉक्टरांकडे धाडावें. जीव नकोसा झाल्याची भाषा कानीं आल्यास तर एक दिवसही दवडूं नये.