पाऊण लिटर ऑइलचा हिशेब

पन्नास हजार किलोमीटर झाले की स्कूटरचं इंजिन संपतं, विकायची तर त्याआधी विका. हा सल्ला पार्किंगमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा इतक्या खात्रीने दिला जातो की चांगली चालणारी गाडी लोक निव्वळ आकड्याला घाबरून मातीमोल किमतीला देऊन टाकतात. ११०-१२५ सीसीच्या फोर-स्ट्रोक स्कूटरला असा कुठलाही ठरलेला आकडा नसतो. इंजिन न खोलता सत्तर-ऐंशी हजार पार केलेल्या गाड्या असतात, आणि पंचवीस हजारांवरच बोअर-पिस्टनचं काम निघालेल्या गाड्याही गॅरेजात उभ्या दिसतात. हा फरक बहुतेक वेळा ऑइलमुळे पडतो. त्यातही ऑइल कुठल्या कंपनीचं होतं यापेक्षा ते आत किती उरलं होतं, हे जास्त महत्त्वाचं.

या इंजिनात ऑइल मावतं साधारण ७०० ते ८०० मिलिलिटर. एवढ्याशा ऑइलने क्रँक, पिस्टन, कॅम सगळ्यांना वंगण द्यायचं आणि बरीचशी उष्णताही वाहून न्यायची. फोर-स्ट्रोक इंजिन थोडं ऑइल जाळतंच, जुनं झालं की जरा जास्त. कारमध्ये पाव लिटर कमी झालं तर काही बिघडत नाही, स्कूटरमध्ये मात्र तो तिसरा हिस्सा असतो. शिवाय ऑइल कमी झालंय हे सांगणारा दिवा बहुतेक स्कूटरना नसतोच. म्हणून ‘सर्व्हिसिंगला बदललंय ना, मग आता पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ हा मला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वाटतो. बाकीचे बरेचसे गैरसमज शे-दोनशे रुपयांना खड्ड्यात घालतात, हा अख्खं इंजिन खोलायला लावतो.

मध्ये ऑइल न बघण्याच्या या सवयीला जुनं कारण आहे. आपल्याकडची एक अख्खी पिढी आकुर्डीच्या चेतकवर आणि साताऱ्याच्या प्रियावर गाडी शिकली. ती टू-स्ट्रोक इंजिनं. त्यांचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं, लिटरमागे साधारण २० मिली, आणि पेट्रोलबरोबर जळून जायचं. पेट्रोल भरलं की इंजिनाचं वंगणही भरलं, ऑइल मोजायची पट्टी काढून बघायचा प्रश्नच नव्हता. घरातल्या मोठ्यांनी गाडी शिकवली ती तशीच शिकवली आणि गाडी फोर-स्ट्रोक झाली तरी सवय तीच राहिली.

ऑइल बघायला पाच-सहा मिनिटं लागतात. सपाट जागी गाडी मेन स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर ती कलते आणि पातळी चुकीची दिसते. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरतं. खालच्या बाजूचं ऑइलचं झाकण फिरवून काढलं की त्यालाच पट्टी असते. ती कोरड्या फडक्याने पुसा आणि पुन्हा आत सोडा. बऱ्याच स्कूटरमध्ये या वेळी झाकण आटे न फिरवता नुसतं टेकवायचं असतं. आपल्या गाडीचं काय, ते हँडबुकात एका ओळीत लिहिलेलं असतं. पट्टी बाहेर काढून उजेडाकडे धरा. ताजं ऑइल इतकं पारदर्शक असतं की सरळ बघितलं तर कळत नाही, तिरप्या उजेडात ओलसर रेघ चमकते. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. खालच्या खुणेखाली गेली असेल तर त्याच ग्रेडचं थोडं थोडं घाला, मध्येमध्ये मोजत. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. जास्तीचं ऑइल क्रँकच्या फटकाऱ्याने फेसाळतं आणि ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन फिल्टर भिजवतं.

पट्टीवर ऑइल काळं दिसलं की काहीजण घाबरतात. ऑइलमधली साफ करणारी द्रव्यं काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळं पडतं. काळं पडणं म्हणजे ते काम करतंय. रंगावरून नव्हे, तर किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी भरेल त्यावर ऑइल बदलायचं. ‘गाडी चालतेच किती, वर्षात दीड हजार’ असं म्हणणाऱ्यांनी तर महिन्यांकडे जास्त लक्ष द्यावं. घर ते भाजी मंडई, मंडई ते क्लास अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. आत जमलेली वाफ आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही, आणि ऑइल न वापरताच खराब होतं.

‘जुनं झालंय, जाड ऑइल घाल’ असंही सर्रास सांगितलं जातं. आजच्या बऱ्याच स्कूटरना कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं. त्याहून जाड ऑइल सकाळच्या थंड इंजिनात वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं, आणि झीज सगळ्यात जास्त होते ती नेमकी त्या क्षणांत. जाड ऑइलने धूर काही दिवस कमी दिसेलही, पण घासलेली रिंग भरून येत नाही. डब्यावर आणखी एक खूण बघावी: जासो एमबी. एमए ऑइल बाइकसाठी, कारण तिथे क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि तो घसरून चालत नाही. स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिला कमी घर्षणाचं एमबी चालतं. चुकून एमए घातलं गेलं तर इंजिन बिघडत नाही, घाबरायचं कारण नाही.

आता आवाज. गाडी खडखडायला लागली, उठताना थरथरते, पिकअप गेला, म्हणजे इंजिन गेलं, असं समजून लोक गॅरेजात येतात. निम्म्याहून अधिक दुखणं डाव्या बाजूच्या कव्हरखाली निघतं. तिथे बेल्ट, रोलर आणि क्लच असतो, आणि त्याचा इंजिनाच्या आयुष्याशी संबंध नाही. उघडल्यावर बघण्यासारखं असतं: गोल असायला हवेत ते रोलर एका बाजूने सपाट झालेले, बेल्टच्या आतल्या दात्यांच्या बुडाशी बारीक भेगा, आणि सगळीकडे क्लच शूची काळी भुकटी. बेल्ट साधारण वीस-पंचवीस हजारांच्या आसपास बदलायचा असतो, नेमका आकडा हँडबुकात मिळतो. तो तुटला की इंजिन मजेत चालू राहतं, गाडी मात्र जागची हलत नाही. हे भाग बदलून गाडी पूर्ववत होते. त्यासाठी ‘हाफ इंजिन करावं लागेल’ असं कुणी सांगितलं तर आधी डावं कव्हर उघडून दाखवायला सांगा.

टॅपेटच्या बाबतीत मात्र समज अगदी उलटा आहे. हलका टकटक आवाज आला की ‘टॅपेट टाइट करून द्या’ म्हणतात, आणि आवाज बंद झाला की समाधान होतं. व्हॉल्व्ह आणि रॉकरमध्ये मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी फट ठेवावीच लागते. व्हॉल्व्हची बैठक झिजत जाते तशी ही फट वापराने कमी होऊ शकते. फट संपली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, सकाळी सेल्फ नुसता फिरत राहतो, आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. थोडी टकटक करणारं इंजिन फार गप्प झालेल्या इंजिनापेक्षा सुरक्षित. फट थंड इंजिनावर, फीलर गेजने मोजायची असते. नुसत्या कानाने नाही.

सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवणं ही सवय चोकच्या काळातली. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत पेट्रोल इंजेक्शनने येतं आणि थंडीचा हिशेब गाडी स्वतः करते. अर्धा मिनिट थांबून सावकाश निघावं. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल घातल्याने इंजिन जास्त टिकतं, हेही खरं नाही. ऑक्टेन म्हणजे अवेळी पेट न घेण्याची क्षमता, आणि या इंजिनांना साध्या पेट्रोलने भागतं. ते पैसे वेळेवर बदललेल्या एअर फिल्टरवर घाला. हल्लीचे तेलकट कागदाचे फिल्टर हवा मारून साफ करायचे नसतात, बदलायचेच असतात.

धुराचं साधं आहे. थंडीत सुरुवातीला दिसून नाहीसा होणारा पांढरा धूर म्हणजे वाफ. निळसर, जळक्या ऑइलच्या वासाचा, गाडी तापल्यावरही टिकणारा धूर आला तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील तपासून घ्या, आणि तोवर पट्टी दर आठवड्याला बघा.

पावसाळ्यात मात्र एका चुकीला माफी नाही. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली की हात आपोआप सेल्फकडे जातो, ‘एकदा लागली की आतलं पाणी निघून जाईल’ म्हणून. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. चावी बंद करून गाडी ढकलत कोरड्या जागी न्या, प्लग काढून पाणी बाहेर येतंय का ते मेकॅनिककडून बघून घ्या. पट्टीवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर ते लगेच काढा, आतली जाळी धुवा, नवं भरा, आणि थोडं चालवून तेही एकदा बदला. डाव्या कव्हरमध्ये पाणी गेलं असेल तर बेल्ट घसरतो, तेही उघडून वाळवावं लागतं. एवढ्यावर थांबलं तर एका दुपारचं काम.