विश्लेषण : गवळाऊ गोऱ्ह्याचा भाव कसा ठरतो?

शर्यतीच्या घोड्याचे शिंगरू लिलावात आले, की त्याच्या आईबापाची नावे छापील यादीत असतात. वर्धा जिल्ह्यात गवळाऊ गोऱ्ह्याचा सौदा मात्र अजूनही नजरेवर आणि शब्दावर होतो. त्यात खरे नुकसान कोणाचे?

गवळाऊ जात कुठली?

वर्धा, नागपूर आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी हा या जातीचा मूळ पट्टा. वर्ध्यात आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत गवळी समाजाने ती जोपासली. पांढरा-करडा रंग, लांबट निमुळते तोंड, आखूड शिंगे, हलकी अंगकाठी आणि झपझप चाल ही तिची ओळख. मराठ्यांच्या फौजांची रसद वाहण्यासाठी असे चपळ बैल उपयोगी पडत.

गोपालकाची भिस्त गोऱ्ह्यावर का?

गवळाऊ गाय एका वेतात सरासरी 600 लिटरच्या आसपास दूध देते. संकरित गायीपुढे हे फारच कमी. त्यामुळे निव्वळ दुधावर तिचा खर्च निघणे कठीण. चार पैसे हाती येतात ते गोऱ्हा विकून. ट्रॅक्टर आल्यावर बैलांची गरज घटली आणि ही मिळकतही आटली.

गिऱ्हाईक काय पाहते?

आधी दात. दुधाचे दात असलेला गोऱ्हा ‘अदात’. दोन-अडीच वर्षांचा झाला की पक्क्या दातांची पहिली जोडी येते आणि तो ‘दोनदाती’ होतो; पुढे चारदाती, सहादाती. पाच वर्षांच्या सुमारास आठही दात पुरे होतात. मग पाय, खूर, खांदा आणि चाल. जोडीसाठी रंग, उंची जुळावी लागते. अनेक बाजारांत आजही रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो.

शंकरपटाने काय बदलले?

सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. विदर्भात पुन्हा शंकरपट भरू लागले, तशी पळणाऱ्या गोऱ्ह्यांना मागणी आली. पण पटावर नाव होते ते बैलाचे आणि त्याच्या मालकाचे; ज्या गायीने तो दिला, ती आणि तिचा गोपालक मागेच राहतात.

घोड्यांच्या बाजारात वेगळे काय?

इंग्लंडमध्ये 1791 पासून थरोब्रेड घोड्यांची वंशावळ छापली जाते. भारतातही अशी नोंदवही आहे. त्यामुळे एखादे घोडे जिंकले, की त्याच्या धाकट्या भावंडांचा भाव चढतो आणि पैसा पैदासकारापर्यंत पोहोचतो. गवळाऊत जिंकलेल्या बैलाचा भाऊ कोणत्या गोठ्यात आहे, हे कागदावर नसते.

मग मार्ग कोणता?

जनावरांच्या कानातील बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक असतो. कृत्रिम रेतनाची नोंद त्याला जोडली, तर वासराचा बाप कळू शकतो. गावच्या वळूकडून झालेल्या वासरांची नोंद मात्र सहसा होत नाही. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे गवळाऊसाठी शासकीय पैदास प्रक्षेत्र आहे. तेथील वळूंची आणि गावांतील गायींची वंशनोंद एकत्र आली, तर गोऱ्हा विकताना गोपालकाला त्याच्या आईबापाचाही भाव मागता येईल. तो मिळाला नाही, तर गवळाऊ गाय दावणीला ठेवण्याचे कारणच त्याच्याकडे उरणार नाही.