स्वस्त मदरबोर्ड आणि दीर्घायुषी संगणक



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका वयोवृद्ध स्नेह्यांनी मला विचारले, "व्याख्यानमालेत ही बाजारगप्प कशाला?" मी म्हणालो, "बेताच्या मिळकतीतून बाजूला काढलेले पैसे अज्ञानापायी वाया जाऊ नयेत, हेही लोकशिक्षणच आहे." विषयाला निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० ची सर्वसाधारण मदत थांबविली; आणि ज्यांचे संगणक विंडोज-११ च्या अटींत बसत नाहीत, त्यांच्या घरी "आता सगळेच नवे घ्यायचे काय?" असा प्रश्न उभा राहिला.

सगळे नवे घेण्याचे बहुधा कारण नसते. कॅबिनेट, एसएमपीएस, डिस्क, पडदा, कळफलक ही मंडळी पुष्कळदा धडधाकट असतात. बदलावा लागतो तो मदरबोर्ड आणि त्यावरचा प्रोसेसर. पण इतर भाग पुढे एकेक करून बदलता येतात, मदरबोर्ड बदलायचा तर सारा संसार उचलावा लागतो. म्हणून थोड्या पैशांत तो निवडताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: या बोर्डावर उद्या काय बसेल? प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलने २०१५ साली एलजीए-११५१ हे सॉकेट आणले. २०१७ च्या अखेरीस आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, तेही त्याच नावाच्या सॉकेटचे. परंतु कंपनीने त्यांच्यासाठी नवाच बोर्ड आवश्यक ठरविला. नाव तेच, पण जुन्या घरात प्रवेश नाही! याउलट एएमडीच्या एएम-४ सॉकेटचे २०१७ मधले अनेक बोर्ड, त्यांचे बायोस अद्ययावत केल्यावर, २०२० व २०२२ मध्ये आलेले प्रोसेसरही चालवू लागले. २०२२ साली तिने एएम-५ आणले, आणि त्याला २०२७ पर्यंत व पुढेही साथ देऊ असे जाहीर केले आहे. तेव्हा सॉकेटच्या नावापाशी थांबू नये. बोर्डाच्या कंपनीने संकेतस्थळावर दिलेली चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावी, आणि त्यासाठी लागणारे बायोस बोर्डात आहे काय, हे दुकानदाराला आधीच विचारावे.

दुसरा प्रश्न: प्रोसेसरला वीज कशी पोचते? आयुष्याचे खरे मर्म येथे आहे. घरातला ५०० वॉटचा मिक्सर २३० व्होल्टवर दोन-सव्वादोन ॲम्पियर प्रवाह घेतो. ६५ वॉटचा प्रोसेसर मात्र सव्वा व्होल्टच्या आसपास चालतो, म्हणून त्याला पन्नासाहून अधिक ॲम्पियर लागतात! एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट इतके खाली उतरविण्याचे काम सॉकेटशेजारचे छोटे भाग करतात, आणि ते करताना तापतात. तेथल्या कपॅसिटरांच्या बाबतीत एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी उतरले तर आयुष्य सुमारे दुप्पट होते. आपल्या वैशाखात हे विसरून चालणार नाही. म्हणून या भागांवर धातूचा हीटसिंक बसविलेला बोर्ड घ्यावा. रंगीत दिव्यांना पैसे देऊ नयेत. ते दिवे प्रोसेसरला थंड करीत नाहीत.

तिसरा प्रश्न: मोकळ्या जागा किती? येथे माझीच फजिती सांगतो. २०१८ साली थोडे पैसे वाचविण्यासाठी मी रॅमचे दोनच स्लॉट असलेला बोर्ड घेतला आणि चार-चार जीबीच्या पट्ट्यांनी दोन्ही भरून टाकले. पुढे सोळा जीबी हवी झाली तेव्हा त्या चांगल्या पट्ट्या काढून खणात ठेवाव्या लागल्या. आजही त्या तिथेच आहेत, माझ्या काटकसरीच्या साक्षीदार म्हणून! चार स्लॉट, निदान दोनांपैकी एक रिकामा, आणि एम-२ डिस्कसाठी शक्यतो दोन जागा, एवढी सोय पाहावी.

आता प्रत्यक्ष निवड. आपल्याजवळ डीडीआर-४ रॅम असेल तर एएम-४ चा बी-५५० जातीचा बोर्ड घ्यावा. त्या सॉकेटचा विस्तार आता संपत आला आहे, हे खरे. पण घरच्या कामाला त्याचे प्रोसेसर अजून पुरेसे आहेत, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढल्यामुळे जुनी रॅम वापरता येणे ही लहान बचत नव्हे. रॅमही नवीच घ्यायची असेल तर एएम-५ चा बी-६५० बोर्ड आणि डीडीआर-५ ही जोडी अधिक काळ वाढत राहील. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही. दोघींच्या खाचा निराळ्या जागी असतात. जुन्या कॅबिनेटचे मापही घ्यावे. मायक्रो-एटीएक्स बोर्ड साधारण २४४ मिलिमीटर चौरस असतो, आणि सुट्या भागांच्या संगणकात सहसा बसतो. कंपनीच्या तयार संगणकांत मात्र कधीकधी निराळ्याच मापाची रचना आढळते.

घर बांधताना आपण जोत्यावर खर्च करतो. रंग पुढल्या दिवाळीला देता येतो. संगणकाचे जोते म्हणजे मदरबोर्ड. ते नीट निवडले तर पुढची वर्षे वरचे मजले एकेक करून चढविता येतील, आणि मुलांच्या अभ्यासासाठी घरात यंत्र चालू राहील.