उशाखालच्या किल्ल्या

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याला तिजोरी उघडता येऊ नये म्हणून ही व्यवस्था, आणि ती शहाणपणाचीच आहे. १९९९ साली बढती मिळून मी सांगलीतल्या एका शाखेत अकाउंटंट झाले आणि अधिकाऱ्याकडची किल्ली माझ्याकडे आली. बँकेत अकाउंटंट म्हणजे नुसता हिशेबनीस नव्हे; मॅनेजरच्या खालोखालचा, शाखेचा गाडा ओढणारा माणूस. सांगली हळदीची पेठ. हंगामात कॅश काउंटरवर येणाऱ्या नोटाही पिवळ्या असत आणि मोजणाऱ्याची बोटंही. अर्धं काम संगणकावर, अर्धं जाड लेजरांत. संध्याकाळी दोन्ही जुळवायचं, कॅश जुळवायची, तिजोरी बंद करायची आणि किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकून घरी यायचं. रात्री तो उशाखाली.

वर्षभरात रात्री दोनला जाग येऊ लागली. हात आधी उशाखाली जाई. किल्ल्या असत, झोप मात्र गेलेली असे. अमक्या व्हाउचरवर सही केली का? तो ड्राफ्ट कुणाच्या नावे काढला? सकाळी पोळ्या लाटताना छातीत धडधडायचं. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. तिने एकदा विचारलं, ‘आई, तू घरी आल्यावर पण बँकेतल्यासारखी का बोलतेस?’ मी तिच्यावर खेकसले. म्हणजे तिचं म्हणणं मीच सिद्ध केलं.

पण खरा धक्का बसला तो एका म्हाताऱ्या शेतकऱ्यामुळे. बायको मिरजेला दवाखान्यात होती, पैसे काढायला आला होता. पैसे काढायच्या स्लिपवरची सही नमुन्याशी जुळेना. माझ्यापुढे अठरा माणसं उभी, फोन वाजतोय. मी वर न बघताच स्लिप परत केली. ‘सही जुळत नाही. उद्या या.’ दुसऱ्या दिवशी तो आला आणि हात जोडून म्हणाला, ‘बाई, हात थरथरतोय, सई हालती. चुकलं माझं.’ त्याच्या खात्यात त्याचेच पैसे होते. कुणी ओळखीचा माणूस बोलावून, अंगठा घेऊन ते आदल्या दिवशीच देता आले असते. तशी सोय नियमातच आहे. दुसऱ्या दिवशी मी नेमकं तेच केलं, दहा मिनिटं लागली. मी कठोर माणूस नव्हते हो. पण त्या खुर्चीत बसून होत चालले होते.

त्याच सुमारास, २००० च्या अखेरीस, सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आणल्या. वयाची चाळीस किंवा नोकरीची पंधरा वर्षं पुरी झालेल्यांसाठी. नोकरीच्या प्रत्येक वर्षाला साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांतली कमी असेल ती रक्कम. माझी अठरा वर्षं झालेली, म्हणजे छत्तीस महिन्यांचा पगार एकरकमी. जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसे. डब्याच्या झाकणावर आकडेमोड चाले. देशभरात एक लाखाहून अधिक लोक त्या लाटेत बाहेर पडले. मीही फॉर्म आणला आणि भरला. नवरा कॉलेजात शिकवायचा, त्याने एवढंच विचारलं, ‘सोड, पण पुढच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तू काय करत असशील?’ मला राग आला, कारण उत्तर नव्हतं. कादंबरी लिहीन म्हणाले. त्या वेळी माझ्या नावावर दिवाळी अंकांतल्या चार कथा होत्या, बस्स.

आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि पट्टा सोडता सोडता म्हणाले, ‘नोकरी सोडायचा अर्ज आणि घटस्फोटाचा अर्ज, दोन्ही झोप झाल्याशिवाय भरू नयेत. पंधरा दिवस रजा घ्या.’ आज ‘बर्नआउट’ हा शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. आमच्या वेळी त्याला ‘बाईंचं डोकं फिरलंय’ म्हणत.

रजेचे पहिले चार दिवस मी नुसती झोपले. किल्ल्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे होत्या. पाचव्या दिवशी दुपारी वही घेऊन बसले आणि कथा लिहिण्याऐवजी बँकेतला माझा दिवस लिहून काढला, सकाळी दहापासून. लिहिता लिहिता ध्यानात आलं की कर्जाच्या अर्जावर कुणाशी बोलणं, तपासणीला द्राक्षबागेत जाणं, काड्यांवरचे घड बघत त्या माणसाचं बोलणं ऐकणं, हे मी रंगून लिहिलं होतं. किल्ल्या, कॅश, सह्या यांच्यापाशी मात्र अक्षरही वाकडं झालं होतं. मला बँक नको होती असं नव्हतं; ती खुर्ची नको होती. फॉर्म कपाटातच राहिला.

टी. एस. एलियट लंडनच्या लॉइड्स बँकेत होता, हे बँकवाल्या लेखकांचं आवडतं भांडवल. १९२१ मध्ये मनाने थकून त्याने तीन महिने रजा घेतली, ‘द वेस्ट लँड’चा बराच भाग त्या रजेत लिहिला आणि मग चक्क बँकेत परत गेला, बँक सोडली ती १९२५ मध्ये. माझं परतणं इतकं दिमाखदार नव्हतं. मी कर्जविभागात बदली मागितली. ‘सगळेच मागतील,’ असं उत्तर मिळालं. वरच्या कार्यालयाकडे तीन पत्रं गेली. चार महिन्यांनी बदली झाली, पण पुढच्या बढतीच्या मुलाखतीला मी बसणार नाही, हे त्यात गृहीत होतं. बरोबरच्या मैत्रिणी पुढे मुख्य व्यवस्थापक झाल्या. वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

तोवर शाखेतले पाच जण गेले होते आणि त्यांचं काम उरलेल्यांवर आलं होतं. गेलेल्यांपैकी एकाने शिकवण्या सुरू केल्या आणि तो दहा वर्षांनी तरुण दिसू लागला. आमच्या हेड कॅशियरने जवळजवळ सगळी रक्कम युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ मध्ये घातली. सरकारी माणसाचा सरकारी भरवसा! जुलै २००१ मध्ये ट्रस्टने युनिटांची विक्री आणि पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबवली. तो माणूस दुसऱ्याच महिन्यात एका बेदाणा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला बसला. पण भेटला की म्हणे, ‘झोप लागते हो मॅडम.’

मी पहाटे साडेचारला उठून लिहू लागले. पहिली कादंबरी यायला २००७ उजाडलं. २०१४ मध्ये, मुलगी नोकरीला लागल्यावर, तीन महिन्यांची नोटीस देऊन निवृत्त झाले. तेव्हा पेन्शन होती आणि मंगळवारी अकरा वाजता काय करायचं तेही ठाऊक होतं. २००१ सालीच बाहेर पडले असते तर आणखी दोन कादंबऱ्या झाल्या असत्या की एकही झाली नसती, यावर घरात अजून वाद होतो.

ती मुलगी आता पुण्यात, संगणकाच्या नोकरीत. परवा रात्री साडेअकराला फोन आला. ‘आई, मी उद्या राजीनामा टाकतेय.’ मी विचारलं, फोन कुठे ठेवून झोपतेस? ‘उशाखाली. अमेरिकेतून कॉल येतात ना.’ मी राजीनाम्याविषयी काहीच बोलले नाही. दहा दिवस रजा टाक आणि इकडे ये, म्हटलं. शनिवारी येतेय. माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. लॅपटॉप आणू नकोस असं बजावलंय, आणणारच ती.