गाडीला ताप चढतो तेव्हा

परीक्षा संपल्या, की मुंबई-ठाण्याच्या गाड्या डहाणूकडे धावू लागतात. कुणाचं चिखल्याला माहेर असतं, कुणाची घोलवडला चिकूची वाडी, तर कुणाला नुसतंच बोर्डीच्या समुद्रावर दोन दिवस काढायचे असतात. मागे मुलं, डिकीत डबे-पिशव्या, आणि हल्ली स्टिअरिंगवर पुष्कळदा घरची बाईच! चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते. तेव्हा चारोटीजवळ वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकतात. ऊन मी म्हणत असतं. आणि नेमक्या अशा वेळी समोरचा तापमानाचा काटा हळूच लाल रेघेकडे झुकतो.

मग रस्त्यावरचे सल्लागार गोळा होतात. "झाकण उघडा", "पाणी ओता", "काही नाही होत, हाणा तशीच!" यातला एकही सल्ला ऐकू नका. पहिल्यानं हात भाजतो, दुसऱ्यानं इंजिन तडकू शकतं आणि तिसऱ्यानं खिसा रिकामा होतो. खरं म्हणजे गाडीच्या तापाचं शास्त्र स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला समजायला मुळीच अवघड नाही.

बॉनेटखालचा कुकर

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकं फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यातला बराचसा धुराबरोबर जातो, आणि बाकीचा इंजिनाच्या अंगात मुरतो. तो बाहेर काढायला इंजिनाभोवती पाणी खेळवलेलं असतं. पंप ते फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते निवतं आणि पुन्हा इंजिनाकडे येतं. मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाणी ८०-९० अंशांच्या आसपास गेलं, की ती आपोआप उघडते.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, पण कुकरमध्ये दाबामुळे १२० अंशांपर्यंत जातं. म्हणून तर डाळ लवकर शिजते! रेडिएटरचं झाकणही असाच दाब धरून ठेवतं, म्हणजे आतलं पाणी शंभरी ओलांडूनही उकळत नाही. शिवाय पाण्यात कूलंट मिसळलेलं असतं. त्यानं उत्कलनबिंदू आणखी वर जातो आणि गंजही धरत नाही.

वाफ कोंडलेल्या कुकरचं झाकण आपण ओढून काढतो का? मग गरम रेडिएटरचं का काढावं? दाब सुटला, की आतलं पाणी क्षणात उकळून कारंज्यासारखं तोंडावर, हातावर येतं.

कधी तापते, ते पाहा

तापाच्या रोग्याला डॉक्टर आधी विचारतात, "ताप केव्हा येतो?" गाडीचंही तसंच. गॅरेजात जाण्याआधी एवढं टिपून ठेवा:

वर्सोवा पुलाच्या कोंडीत तापते, पण रस्ता मोकळा मिळाला की निवते? तर संशय पंख्यावर. गाडी उभी असताना वारा मिळतो तो पंख्याचाच. त्याचा फ्यूज, रिले किंवा मोटर गेलेली असू शकते.

गावात ठीक, पण महामार्गावर वेग घेतला किंवा जव्हारचा चढ लागला की तापते? तर पाणी कमी असेल, नाही तर रेडिएटर चोंदला असेल.

थंड गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटांतच काटा वर? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, किंवा पंप पाणी फिरवत नसेल.

खाली थेंब दिसत नाही, तरी पाणी सारखं कमी होतं? धुरांड्यातून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो? तेलाच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा थर दिसतो? मग हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. कुकरची रिंग गेली की वाफ कडेनं निसटते, त्यातलाच हा प्रकार. फक्त खर्च फार मोठा. अशी गाडी चालवू नये.

एक फसवी खूणही सांगून ठेवते. वर गेलेला काटा एकाएकी खाली पडला, तर "निवली बाई!" म्हणून खूश होऊ नका. पाणी पार संपलं, की मापक कोरडा पडतो आणि खोटं सांगू लागतो. कित्येक नव्या गाड्यांत काटाच नसतो, नुसता लाल दिवा लागतो. तो दिसला की थांबायचंच.

काटा चढलाच तर

काटा नुकताच वर सरकू लागला असेल, तर एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण चालू करा. उन्हाळ्यात हीटर म्हणजे शिक्षाच, पण इंजिनाची उष्णता तेवढीच आत खेचली जाते. तरी काटा उतरेना, किंवा वाफ दिसली, तर चारी दिवे लुकलुकते ठेवून गाडी डाव्या कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. मुलांना रस्त्यापासून दूर, सावलीत बसवा. वाफ येत असताना बॉनेट उघडू नका.

निदान अर्धा तास थांबा. रेडिएटरच्या वरच्या जाड नळीला हात लावता आला, की मगच जाडसर फडकं धरून झाकण हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. गरम काचेच्या भांड्याचं काय होतं, ते आपण जाणतोच. निवल्यावर थोडं थोडं पाणी घाला. अडीअडचणीला साधं पाणी चालतं, मात्र नंतर कूलंट भरून घ्यायला विसरू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

आणि कुणी भाजलंच, तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.

किनाऱ्यावरच्या गाडीची निगा

फियाट-ॲम्बॅसेडरच्या काळात घाट चढून आलं, की कॅनमधलं पाणी रेडिएटरला पाजायचं, हा प्रवासाचाच भाग होता. पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, पण "तापली की ओता विहिरीचं पाणी" ही सवय काही गेली नाही! समुद्राकाठच्या विहिरींचं पाणी बहुधा मचूळ. जुन्या बंबाच्या आत क्षारांची पुटं कशी धरतात, ते आठवा. तशीच ती रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत धरतात आणि वाट बंद करतात. म्हणून तयार कूलंट आणा, किंवा बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात शुद्ध केलेलं, म्हणजे बॅटरीसाठी मिळतं ते, पाणी मिसळा.

खाऱ्या वाऱ्यानं रेडिएटरचे नाजूक पत्रे झिजतात. सुरूच्या काड्या, वाडीतला पालापाचोळा, वाटेवरची धूळ त्यांच्या फटींत जाऊन बसते. इंजिन गार असताना गोड्या पाण्याचा हलका फवारा मारून ते साफ करा. धार जोराची नको, पत्रे वाकतात. आणि मुलांनी कितीही हट्ट केला, तरी पुळणीवर गाडी घालू नका. रेतीत चाकं रुततात, इंजिन जीव तोडून ओढतं, आणि वेग नसल्यानं वारा मिळत नाही. तापायला आणखी काय हवं?

सीएनजीवरच्या गाडीचं एक वेगळं आहे. सिलिंडरमधला गॅस दाब उतरताना अतिशय थंड होतो, म्हणून त्याच्या रेग्युलेटरला ऊब द्यायला इंजिनाचंच गरम पाणी फिरवलेलं असतं. गॅसवर गाडी अडखळू लागली आणि रेग्युलेटरवर दहिवरासारखं बर्फ दिसलं, तर आधी कूलंट पाहा.

एखादा मिस्त्री म्हणेल, "ताई, थर्मोस्टॅट काढूनच टाकू, पुन्हा तापायची नाही." कबूल होऊ नका. मग इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झीज वाढते. बिघडला असेल, तर नवा बसवून घ्या.

महिन्यातून पंधरा मिनिटं

• सकाळी, गार गाडीत, कूलंटची पातळी बाटलीवरच्या दोन खुणांमध्ये आहे ना, ते पाहा.

• रात्री गाडीखाली रद्दीचा कागद पसरा. हिरवा किंवा गुलाबी डाग म्हणजे कूलंट, काळा म्हणजे तेल. नितळ पाणी बहुतेक एसीचं, त्याची काळजी नको.

• रबरी नळ्या दाबून पाहा. चिरा पडलेल्या, फुगलेल्या किंवा लिबलिबीत झालेल्या नळ्या बदला. पट्टाही तपासून घ्या.

• एसी लावून गाडी उभी ठेवा आणि पंखा फिरतो का, ते ऐका. हात मात्र लांब ठेवा, तो आपोआप सुरू होतो.

• गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या मुदतीला कूलंट बदला. बहुतेक कूलंट विषारी आणि चवीला गोड असतं. मुलं नि मांजर-कुत्र्यांपासून दूर, कडी लावून ठेवा.

मैत्रिणींनो, इंजिन एकदम कधी दगा देत नाही. आधी थेंब गळतो, वास येतो, काटा बोटभर हलतो. शिट्टी बिघडलेला कुकर आपल्याला नुसत्या आवाजावरून कळतो. तोच कान आणि तेच नाक बॉनेटकडे वळवायचं. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बाटलीतली पातळी पाहिलेली बरी. मग चिखल्याचा रस्ता कसा सुखाचा होतो, बघा!