अवतरणचिन्हांचा घोटाळा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भानगडीत पडावे कशाला, असे कोणी विचारील. पण मेळाव्याच्या निमंत्रणांसाठी डोंबिवलीत राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची यादी काढण्याचे काम माझ्याकडे आले आणि दोन रात्री मी पडद्यावरच्या चुकांशी झुंजत बसलो. त्यातून उमगले ते व्याकरणच. म्हणून येथे सांगतो.

कोष्टकांत साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या कोष्टकांच्या कल्पनेवरून आयबीएममधील चेंबरलिन व बॉइस यांनी ती घडवली. त्यांचा निबंध १९७४ चा. आपण मात्र प्रोग्रॅम लिहितो जावासारख्या दुसऱ्या भाषेत आणि हा प्रश्न त्यात अवतरण म्हणून ठेवतो. म्हणजे एका वाक्यात दोन व्याकरणे!

कंपायलर हा बाहेरच्या वाक्याचा वैयाकरण. सबंध प्रश्न दुहेरी अवतरणात असताना मी आतल्या डोंबिवलीलाही दुहेरी चिन्हेच दिली. आतले पहिले चिन्ह दिसताच अवतरण संपले असे कंपायलरने धरले. पुढचा शब्द कोठे जोडावा हे त्याला कळेना. चूक एक, तक्रारी अनेक. म्हणून सर्वांत वरची तक्रार आधी पाहावी. एसक्यूएलमध्ये मजकुराला एकेरी चिन्हे लागतात; ती देताच सारे मिटले.

कंपायलर गप्प झाला, तरी यादी येईना! रकान्याचे नाव ‘गाव’ असताना मी ‘शहर’ लिहिले होते. अवतरणातला मजकूर कंपायलर तपासत नाही. ही चूक प्रोग्रॅम चालवल्यावर डेटाबेसने दाखवली.

पुढे एकेकाचा पत्ता शोधताना गाडी अडली ती डिसोझा या आडनावाशी. रोमन लिपीत त्यातील ‘डी’नंतर एकेरी चिन्ह येते, डेटाबेसने नाव तेथेच संपवले. एका चिन्हापायी निमंत्रण राहिले असते. यावर उपाय असा, की प्रश्नात नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे व नाव वेगळे पाठवावे. जावात यासाठी ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ आहे. नावाच्या जागी आज्ञा घुसवणाऱ्या खोडसाळांनाही त्याने आळा बसतो.

तेव्हा मित्रहो, चूक दिसताच आधी विचारावे : तक्रार कोणाची, कंपायलरची की डेटाबेसची? निम्मी दुरुस्ती तेथेच होते.